उडालेले विमान आणि सांगितलेले विमान

मराठी माणसाने विमान केले की नाही, हा प्रश्न आपल्याकडे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा निघतो आणि दर वेळी उत्तरादाखल एकच नाव पुढे येते. ते नाव शिवकर बापूजी तळपदे ह्यांचे. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर तळपद्यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान आकाशात सोडले. ते १५०० फूट उंच गेले आणि खाली आले. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज तो सोहळा पाहावयास हजर होते. 'केसरी'त त्याची हकीगत आली. पुढे सरकारची वक्रदृष्टी झाली, मदत आटली, आणि तळपदे गेल्यावर विमानाचा सांगाडा रॅली ब्रदर्स ह्या कंपनीच्या हाती जाऊन विलायतेला पोहोचला. अशी ती कथा. वक्तृत्वस्पर्धेत आठवी-नववीची मुले ती तोंडपाठ म्हणतात, स्नेहसंमेलनात तिच्यावर नाटुकले होते, आणि दिवाळीच्या फराळाला चार मंडळी जमली की त्यांतला एखादा ती सांगितल्यावाचून राहत नाही.

ह्या कथेच्या खरेखोटेपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ती कथा म्हणून कशी आहे हे पाहावयाचे आहे; कारण कथा-कादंबरी हा माझा धंदा आहे, आणि एखादी गोष्ट लोकांच्या तोंडी का बसते हे कळून घेणे त्या धंद्यातच मोडते.

कथा म्हणून ती फार चांगली रचलेली आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. एकटा, विद्वान, गरीब नायक. हातात प्राचीन ज्ञान. एकच उड्डाण, एकच संध्याकाळ. थोर साक्षीदार. मग परका शत्रू, मग विस्मृती. आपल्या कीर्तनातून, शाहिरी कवनांतून, ऐतिहासिक कादंबऱ्यांतून जो नायक आपल्याला लहानपणापासून ओळखीचा आहे, तोच येथे धोतर नेसून यंत्रापाशी उभा आहे. म्हणून ती ऐकताच पटते. पण हीच कथा सावकाश वाचली, की तिच्यात एक मोठी रिकामी जागा दिसते. विमान कसे केले हे तिच्यात कोठेच नाही. पंख किती लांब, सांगाडा बांबूचा की सागाचा, कापड कोणते, वजन किती, पहिला नमुना कोठे मोडला, दुसऱ्यात काय बदलले, सुतार कोण, लोहार कोण, ह्यांतले एक अक्षर तिच्यात येत नाही. साक्षीदारांची नावे आहेत, पण त्यांनी काय लिहून ठेवले ते नाही. 'केसरी'चे नाव आहे, पण बातमीचा मजकूर कथेत कधी येत नाही. नायकाच्या आयुष्यातील दुःखांची यादी मात्र दर सांगणाऱ्यागणिक वाढत जाते.

रॅली ब्रदर्सचे नाव ऐकून आम्हा वऱ्हाडकरांना जरा मौज वाटते. ही कंपनी येथे कापसाची. अमरावतीत अजून एका वस्तीला रॅलीज प्लॉट म्हणतात. रुईच्या गाठी बांधून विलायतेला धाडणाऱ्या व्यापाऱ्यांनी मोडक्या विमानाचा सांगाडा कशासाठी घ्यावा, आणि घेऊन कोणाला विकावा, ह्याचा विचार कथेत कोणी करीत नाही. कथेला शेवटी एक परका खरेदीदार हवा होता. मुंबईच्या बाजारात तेव्हा जे नाव सर्वांच्या तोंडी होते ते बसवले गेले असावे, असे मला वाटते.

२०१५ साली ह्या कथेवर 'हवाईजादा' हा हिंदी बोलपट आला. आयुष्मान खुराणा तळपदे झाला आणि मिथुन चक्रवर्ती त्याचे गुरू सुब्बराय शास्त्री. बोलपटाने कथेतील रिकामी जागा भरण्याची संधी घेतली नाही. ती त्याने गाण्यांनी, दिव्यांच्या झगमगाटाने आणि प्रेमप्रकरणाने झाकली. गुरु-शिष्य यंत्रापाशी उभे असतात, पण ते मोजताना फारसे दिसत नाहीत. बोलपट पडला, ह्याचे मला दुःख नाही. दुःख हे की दोन-अडीच तासांच्या बोलपटाला विमान बांधण्याच्या कामात काही नाट्य असू शकते असे वाटलेच नाही.

गुरूंचा उल्लेख आला म्हणून त्या ग्रंथाविषयी थोडे. 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो ग्रंथ दाखविला जातो, तो भरद्वाज ऋषींचा म्हणून सुब्बराय शास्त्री ह्यांनी १९१८ ते १९२३ ह्या काळात तोंडी सांगितला आणि दुसऱ्याने उतरवून घेतला. म्हणजे चौपाटीच्या त्या संध्याकाळीनंतर दोन तपांनी तो कागदावर आला. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी तो तपासला. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू अशी त्यांची नावे. त्यांनी टिंगल केली नाही; शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर ह्या चारही विमानांची वर्णने घेऊन, भौतिकशास्त्राच्या नियमांवर घासून पाहिली. निष्कर्ष असा निघाला की ग्रंथ १९०४ च्या मागे जाऊ शकत नाही, आणि त्यातले एकही विमान उडू शकणार नाही. ह्या ग्रंथातील आकृत्या, आणि ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढून दिल्या होत्या. ऋषींच्या नावाला ड्रॉइंग बोर्डाचा आधार लागलाच. फरक इतकाच, की त्या बोर्डावर कोणी हिशेब केला नाही.

पाऱ्याच्या इंजिनाविषयीही हेच. पाऱ्याची वाफ विजेने भारून मागे फेकली तर यान पुढे ढकलले जाते, हे खोटे नाही. अमेरिकेने १९६४ साली असे एक इंजिन अवकाशात चालवून पाहिले. पण त्याचा रेटा अवघ्या काही ग्रॅम वजनाइतका असतो. हवा नाही, वजनाचा भार नाही, अशा ठिकाणी तो महिनोन्महिने लावून यानाचा वेग वाढविता येतो. चौपाटीच्या वाळूवरून त्याने एक शंकरपाळेही फारसे वर उचलले जाणार नाही.

तळपद्यांविषयी मात्र मला आदरच वाटतो. गिरगावच्या गल्लीत राहणाऱ्या, संस्कृत जाणणाऱ्या, आर्यसमाजी विचारांच्या एका गृहस्थाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उडण्याचा ध्यास लागला, ही लहान गोष्ट नव्हे. त्याच दशकात जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल टेकडीवरून पंख लावून उड्या घेत होता. १८९६ साली तो पडून मेला. पण मरण्यापूर्वी त्याने पंखाच्या वाकाचे कोष्टक छापून ठेवले होते. राइट बंधूंनी ते वापरले, त्यांत चूक आहे असे वाटताच १९०१ साली स्वतः एक वातबोगदा बांधला, म्हणजे एका पेटीतून वारा सोडून त्यात पंखांचे लहान नमुने पारखले, आणि मग १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे यंत्र पहिल्या खेपेस बारा सेकंद हवेत राहिले. बारा सेकंद आणि १२० फूट! आपल्या कथेतल्या १५०० फुटांपुढे हा आकडा किती केविलवाणा दिसतो. पण त्या बारा सेकंदांच्या मागे वह्या आहेत, पत्रे आहेत, छायाचित्र आहे. लिलिएन्थालचे कोष्टक चुकले असेल, तरी ते कोष्टक होते. पुढच्याला ते खोडता आले. तळपद्यांच्या कथेत पुढच्याने खोडावे असे काहीच नाही. ह्यात तळपद्यांचा दोष किती, हे आज सांगता येत नाही. सांगणाऱ्यांचा दोष मात्र उघड आहे.

आता ह्याच्या अगदी उलट जातीची एक गोष्ट सांगतो. सोव्हिएत रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमधील खारकीव्ह शहरात, १९३० साली विमानविद्येची एक संस्था निघाली. निघून दोन वर्षे होतात न होतात तोच, ऑक्टोबर १९३२ मध्ये, तिच्या विद्यार्थ्यांनी आरेखिलेले एक प्रवासी विमान हवेत उडाले. त्याचे नाव खाई-१; संस्थेच्या नावाची आद्याक्षरे आणि पुढे एकाचा आकडा, इतकेच. योसिफ नेमन हे त्यांचे शिक्षक आणि प्रमुख. विमान लाकडी, एका इंजिनाचे, सहा उतारू बसतील एवढे. त्यातली नवलाई चाकांत होती. त्या वेळच्या विमानांची चाके उडतानाही खाली लोंबत राहत आणि वाऱ्याला अडवीत. खाई-१ ची चाके उड्डाणानंतर आत ओढून घेता येत. सोव्हिएत देशात असे विमान ते पहिलेच, आणि उतारूंच्या विमानांत त्या काळी युरोपातही अशी सोय दुर्मीळ होती. चाके आत गेल्याने आणि अंग गुळगुळीत राखल्याने वेग वाढला. पुढे अशी चाळीसच्या वर विमाने तयार होऊन ती रोजच्या वाहतुकीत चालली. म्हणजे परीक्षेत दाखविण्यापुरता तो नमुना नव्हता. लोक तिकीट काढून त्यात बसले.

ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, नायक कोण? आणि येथेच गोष्ट आपल्या हातून निसटते. नायक म्हणून नेमन ह्यांना पुढे करावे, तर ते स्वतःच म्हणणार की पोरांनी केले. पोरांचे नाव घ्यावे, तर ती एक नव्हे, अनेक. एकाने पंखाचा हिशेब केला, दुसऱ्याने चाकाची सांधेजोड, तिसऱ्याने इंजिनावरचे झाकण. रशियातील ह्या विद्यार्थी आरेखन कार्यालयांची रीतच अशी होती, की काम खरे असे, यंत्र खरे असे, आणि चुकले तर जीव जाण्याची भीतीही खरी असे. तेथे सगळे रामराज्य होते असा मात्र गैरसमज नको. ह्याच नेमन ह्यांना १९३८ साली अटक झाली आणि पुढची काही वर्षे त्यांना कैदेतल्या आरेखन कार्यालयात विमानांचे काम करावे लागले. आणि ते खारकीव्ह शहर २०२२ पासून रशियाच्याच माऱ्याखाली आहे. विमानविद्या शिकविणाऱ्या गावावर आकाशातून आग पडावी, ह्याहून कडवट गोष्ट एखाद्या कादंबरीकाराला सुचली असती तर वाचकांनी ती ओढूनताणून आणलेली म्हटली असती.

दुसरे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे. कझान शहरातील विमानविद्यालयात मिखाईल सिमोनोव्ह नावाचा तरुण १९५४ साली शिकून बाहेर पडला आणि तेथेच राहून त्याने विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ग्लायडरे करावयास सुरुवात केली. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. त्याला वारा आणि उंची एवढेच भांडवल, म्हणून पंखाच्या आकारातली लहानशी चूकही लपत नाही. लाकडाची सवय असलेल्या त्या काळात ह्या मंडळींनी संपूर्ण धातूची ग्लायडरे केली. त्यांना विद्यालयाच्याच आद्याक्षरांची आणि आकड्यांची नावे आहेत, केएआय-१४, केएआय-१९. हा सिमोनोव्ह पुढे सुखोई कार्यालयात गेला. सुखोई-२७ चा पहिला नमुना १९७७ साली उडाला, पण तो मनासारखा नव्हता. तेव्हा तो जवळजवळ सगळाच मोडून नव्याने आखण्याचा आग्रह धरणाऱ्यांत सिमोनोव्ह होता, आणि १९८१ साली नवे विमान उडाले. १९८३ पासून तो त्या कार्यालयाचा प्रमुख झाला. त्याच वंशातील सुखोई-३० ची आपली जात नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार झाली. ओझरच्या शेतात द्राक्षांचे मांडव बांधणारा शेतकरी डोक्यावरून गडगडत जाणारे विमान पाहतो, त्याची पाळेमुळे कझानच्या त्या विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत आहेत. आपल्याकडे कोणाला हे ठाऊक नसते, कारण ह्या कथेत चौपाटी नाही आणि साक्षीला महाराज नाहीत.

मग मराठी माणसाने विमान केले नाही काय? केले, आणि ते उडालेही. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. ते जर्मनीतील ग्योटिंगेनला गेले, लुडविग प्रांट्ल ह्या वायुगतिशास्त्राच्या थोर आचार्यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली, आणि १९४० साली बंगळूरला नुकत्याच निघालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते दाखल झाले. विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग निघाला, तेथेही त्यांनी आरंभी शिकविले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे दोन आसनांचे, संपूर्ण धातूचे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. स्वातंत्र्याला चार वर्षे झाली होती. तोवर आपली पोरे इंग्रजांच्या टायगर मॉथवर उडावयास शिकत. पुढे अनेक वर्षे हवाई दलातील वैमानिकांनी पहिले धडे एचटी-२ वर गिरविले. हा माणूस १९९१ साली वारला. वक्तृत्वस्पर्धेत त्याचे नाव घेतलेले मी एकदाही ऐकलेले नाही.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. पुराणातले नाव घेऊन खरोखर उडालेले एक विमान आपल्याकडे आहेच. त्याच बंगळूरच्या कारखान्याचे 'पुष्पक' १९५८ साली उडाले. दोन माणसांचे, हलके, साधे. फ्लाइंग क्लबात शिकणाऱ्यांसाठी केलेले. रावणाच्या विमानात कितीही माणसे बसली तरी एक जागा शिल्लक राहते म्हणतात. ह्या पुष्पकात तिसऱ्याला जागा नव्हती, पण ते उडत असे.

आणि खारकीव्हच्या विद्यार्थ्यांची आठवण करून देणारी गोष्ट आपल्या पुण्यात घडली आहे. विमान नव्हे, उपग्रह. पण जात तीच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलामुलींनी २००८ च्या सुमारास एक चिमुकला उपग्रह करावयास घेतला. त्याचे नाव 'स्वयम्'. वजन किलोभर, आकार चहाच्या डब्याएवढा. अवकाशात गेलेली वस्तू गरगरत राहते; तिला स्थिर ठेवावयाचे तर एरवी चक्रे, मोटारी, वीज लागते. एवढ्याशा डब्यात वीज कोठून आणावयाची? तेव्हा पोरांनी लोहचुंबक बसविले. होकायंत्राची सुई उत्तरेला वळते तसा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या रेषेत वळावा, आणि त्याचे डोलणे थांबविण्यासाठी खास धातूच्या सळ्या घातल्या, त्या डोलण्याची शक्ती हळूहळू खाऊन टाकतात. विजेचा एक थेंब न वापरता स्थिर राहण्याची ही युक्ती. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून त्याचे उड्डाण झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला.

२००८ ते २०१६. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा. म्हणजे ज्यांनी पहिला कागद काढला ती मुले उड्डाणाच्या दिवशी केव्हाच पदवी घेऊन नोकऱ्यांना लागलेली होती, आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला त्यांतली काही, काम सुरू झाले तेव्हा शाळेत होती. दरम्यान प्रत्येक वर्षी जुन्यांनी नव्यांना वही सोपवावयाची, नव्यांनी जुन्यांचा हिशेब तपासून त्यातल्या चुका काढावयाच्या, आणि ज्यांच्या चुका निघाल्या ते तेव्हा दूरच्या कुठल्या तरी गावी असावयाचे! कादंबरीकाराला ह्याहून चांगले कथानक कोणी द्यावयाचे? पण ह्यावर मराठीत कादंबरी नाही. आपल्या कादंबरीला एक माणूस लागतो. त्याला एक वाडा, एक बाप, एक प्रेयसी आणि शेवटी एक पराभव लागतो. दहा जणांनी मिळून एक वस्तू करावी, ती करताना भांडावे, आणि ती वस्तू चालावी, हे आपल्याला कथानक वाटतच नाही. जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला'मध्ये एका प्रकल्पाभोवती अनेक शास्त्रज्ञ उभे केले, ही वाट त्यांनी दाखविली होती. तिच्यावरून पुढे फारसे कोणी गेले नाही. मीही गेलो नाही.

एकट्याचीच गोष्ट हवी असेल तर तीही आहे, आणि ती जिवंत माणसाची. अमोल यादव ह्या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली वांद्र्याच्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी ते क्रेनने खाली उतरवावे लागले. नोंदणीसाठी कागद फिरविण्यात त्याची वर्षे गेली. २०१७ साली नोंदणी झाली आणि २०१९ साली चाचणी-उड्डाणाची परवानगी मिळाली. ह्या गोष्टीतही दिरंगाई आहे, उपेक्षा आहे, सारे काही आहे. पण ह्या विमानाचे पंख किती फुटांचे आणि इंजिन कोणते, हे ज्याला विचारावेसे वाटेल त्याला कळू शकते.

वऱ्हाडात ह्या साऱ्याला आता निराळा अर्थ आला आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले, आणि तेथे वैमानिकांची मोठी शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी १९४३ ची. ती लांबवावयाची तर कृषी विद्यापीठाच्या जमिनीचा प्रश्न येतो, आणि तो प्रश्न वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत आहे. तेव्हा दर्यापूर-अचलपूरच्या, बाळापूर-अकोटच्या मुलांना विमान आता गोष्टीतले राहिलेले नाही. ते डोक्यावरून जाते. वर पाहून मुले विचारणारच, हे उडते कशाने? त्या वेळी त्यांच्या हाती काय द्यावयाचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तळपद्यांची कथा त्यांना अभिमान देते आणि एक तक्रार देते. पंख का उचलतो, हे ती त्यांना सांगत नाही.

शाळेत टेबलावरचा पंखा, पुठ्ठ्याची लांबट पेटी, वारा सरळ यावा म्हणून तोंडाशी चिकटविलेल्या शीतपेयाच्या नळ्यांचा जुडगा आणि प्रयोगशाळेतला एक तराजू, एवढ्यावर लहानसा वातबोगदा होतो. पोस्टकार्ड वाकवून पंख करावा, त्याखाली तराजूचा काटा किती हलतो ते टिपावे, कोन थोडा वाढवून पुन्हा टिपावे. काही अंशांपर्यंत उचल वाढत जाते आणि मग एकाएकी कोसळते. ते का कोसळते ह्यावर नववीची पोरे तास संपल्यावरही भांडत बसतात, आणि त्या भांडणात कोणाचा कोन बरोबर मोजला होता, हे शेवटी वही उघडूनच ठरवावे लागते.